आमची वाटचाल : बंपरच्या दोरीपासून वेकबोर्डपर्यंत

आमचं घर मालवणजवळ, देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड, घरं नि रस्ता. बाबा रापणीवर जायचे. मी आणि धाकटा भाऊ पर्यटनात शिरलो, कारण संगमावरची गर्दी दरवर्षी डोळ्यांदेखत वाढत होती. सुरुवात इथे सगळ्यांची होते तशीच झाली: एक फायबरची होडी, चाळीस हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड मशीन, होडीमागे ओढायचे हवा भरलेले तराफे, म्हणजे एक बनाना नि दोन बंपर, आणि डझनभर लाईफ जॅकेट. वेकबोर्ड, म्हणजे पायांत बांधून होडीच्या दोरीमागे उभ्याने सरकायची फळी, हा शब्दही आम्ही ऐकला नव्हता.

तो आणला एका गिऱ्हाइकाने. पुण्याचा मुलगा, परदेशात कुठेतरी दोन दिवस शिकून आलेला. "काका, वेकबोर्ड आहे का?" मी म्हटलं, "पुढच्या सीझनला या." धंद्यात नाही म्हणायची सवय नसते.

२६ मे ते ३१ ऑगस्ट इथे जलक्रीडा बंद असतात. त्या पावसाळ्यात आम्ही दोघे पडवीत बसून व्हिडिओ बघत होतो आणि बघता बघता एक जुना बोर्ड मागवून मोकळे झालो. फोटोत झकास दिसत होता. आला तेव्हा खालची बाजू सपाट गुळगुळीत, पाण्यात धर घेणारं उभं पातं, म्हणजे फिन, एकही नाही. वाटेत पडल्या असतील म्हणावं तर स्क्रूची भोकंसुद्धा नाहीत. भाऊ म्हणाला, "फिन कित्याक व्हयी? फळी पाण्यार सरकाक व्हयी ना?" बाबा जाळं शिवत होते. त्यांनी मान वर करून एकदाच बघितलं आणि विचारलं, "रे, हेका सुकाण खंय आसा?"

आम्ही हसलो. सप्टेंबरात हसू जिरलं. भाऊ पाण्यातून उभा राहिला, पण फळी त्याच्या पायाखाली गोल फिरायची, टाच दाबली तरी धरच घ्यायची नाही, नि तो कुशीवर आपटायचा. दोरी आम्ही बंपरचीच लावली होती, नायलॉनची. नायलॉन ताणलं जातं. चौथ्या खेपेला भावाच्या हातून हँडल सुटलं ते रबरासारखं उलटं आलं आणि मशीनच्या टोपणावर आदळलं. माझं डोकं तिथून हातभर अंतरावर होतं.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, बोर्डात काहीच खोट नाही. आणि ते खरंच होतं! तो केबल पार्कचा बोर्ड होता. तलावावर खांब रोवून वर तार फिरवायची आणि तारेने माणूस ओढायचा, ही पद्धत जर्मनीत ब्रूनो रिक्सन यांनी १९६० च्या दशकात उभी केली. तिथे ओढ वरून येते आणि पोरं पाण्यातल्या रेलिंगवरून घसरतात, म्हणून तळ मजबूत आणि फिन नसलेला किंवा अगदी छोट्या फिनचा. होडीमागे शिकणाऱ्याला मात्र दोन्ही टोकांना बऱ्यापैकी खोल फिन लागतात. फळी सरळ चालते ती त्यांच्यामुळे. बाबांनी एका नजरेत ओळखलेलं आम्हाला अख्खा पावसाळा व्हिडिओ बघून कळलं नव्हतं.

मग मी गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जाऊन पॉवरबोटीचा आणि जीवरक्षणाचा कोर्स केला. सामानाचा अभ्यास मात्र कोर्सने नाही, पडून झाला.

नवा बोर्ड घेताना रंग बघायचा नाही, आपलं वजन बघायचं. साधारण ६०-६५ किलोच्या माणसाला १३४ सेंटिमीटर लांबीचा पुरतो, ८५ च्या पुढे १४० च्या वरचा लागतो. मी ८२ किलोचा आणि तो पहिला बोर्ड १३४ चा, म्हणजे फिन असत्या तरी मी बुडत बुडतच वर आलो असतो. घरात एकच बोर्ड घ्यायचा असेल तर सगळ्यांत जड माणसाच्या मापाने घ्या. हलक्याला मोठी फळी थोडी जड जाते, पण जडाला छोटी फळी वर येऊच देत नाही. फळीच्या वाकाला रॉकर म्हणतात. तो एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग असेल तर फळी मऊ चालते आणि पुढे काय करेल ते कळतं. तीन टप्प्यांत मोडलेला वाक लाटेवरून सरळ वर उडवतो, पण उतरताना गुडघ्यांना सांगून जातो. पहिली दोन वर्षं त्याच्या वाटेला जाऊ नका.

बूट, म्हणजे बाइंडिंग, आम्ही पुढून उघडेच ठेवतो, कारण एका जोडीत दोन-तीन नंबरचे पाय बसतात. कोल्हापूरच्या एक बाई आल्या होत्या, बँकेत नोकरी, पन्नाशीच्या. पाय काही केल्या आत जाईना. आम्ही जवळ साबणाच्या पाण्याची बाटली ठेवतो, ती ओतली, पाय सर्रकन आत. "बांगड्या भरतात तसं," त्या म्हणाल्या. कुठला पाय पुढे हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून मी न सांगता पाठीमागून हलकेच ढकललं. उजवा पुढे पडला. मग उजवा पुढे, १५ अंशांवर बाहेर वळलेला, आणि मागचा सरळ शून्यावर. पाण्यात गुडघे छातीशी, हात सरळ, आणि उठायचं नाही, होडीला उठवू द्यायचं. पहिले पाच वेळा त्यांनी हँडल छातीकडे ओढलं आणि पाणी प्यायल्या. सहाव्यांदा उभ्या राहिल्या. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास, त्याहून जास्त लागत नाही.

आता दोरी वेगळी असते, न ताणणारी, डायनीमाची. शिकणाऱ्याला ५० फूट, कारण होडी मागे दोन बाजूंना लाटा उठवते आणि होडीजवळ त्या दोन लाटांमधली जागा अरुंद असते. हात बसला की ६५. आणि इम्पॅक्ट वेस्ट मागू नका. ते अंगाला घट्ट बसतं, फोटोत छान दिसतं, पण आपटण्याचा मार झेलायला असतं, तरंगवायला नाही. आमच्याकडे लाईफ जॅकेटशिवाय कोणी पाण्यात उतरत नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी.

२०२० च्या मार्चमध्ये होड्या किनाऱ्याला लागल्या त्या लागल्याच. त्या काळात शिकून गेलेल्यांचे फोन यायचे: कुठला बोर्ड घेऊ? फुकट सल्ला देता देता पडवीतच दुकान झालं. एक गृहस्थ बारा वर्षांच्या मुलासाठी सगळ्यांत महागडा, तीन टप्प्यांचा बोर्ड मागत होते. मी नाही म्हटलं, त्यांनी दुसरीकडून घेतला. मुलगा पुढच्या वर्षी इथे आला आणि दिवसभर आमचा भाड्याचाच बोर्ड घेऊन फिरला. भाडं मी पूर्ण घेतलं.

खाऱ्या पाण्याचा जाच वेगळाच. रोज संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने सगळं धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि बाइंडिंगचे स्क्रू हाताने आवळून बघायचे. हे काम अजून बाबांकडे आहे. त्यांनी नापास केलेला बोर्ड दुसऱ्या दिवशी होडीत चढत नाही.

शिकायला यायचं तर भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या दिवसांत या, उधाणाला संगमाकडची ओहोटी फार ओढते. सकाळी सात ते दहा, पुढे वारा सुटतो आणि खाडी खडबडते. आणि फोनवर वजन विचारलं तर खरं सांगा. लोक चार-पाच किलो गाळून सांगतात, मग छोट्या फळीवर लोंबकळत आमच्याकडेच रागाने बघतात.