कुर्ली म्हटल्यावर 'खेकडा' उचलणारं मूल

गोव्यातल्या मराठी शाळेत पहिलीला येणारं मूल खेकड्याचं चित्र बघून घरच्या कोकणीत 'कुर्ली' म्हणतं. म्हणजे चित्र आणि घरातला शब्द ही जोडी पक्कीच असते. शिकवायची ती एकच: आपण 'कुर्ली' म्हणायचं, मुलानं 'खेकडा' छापलेलं कार्ड उचलायचं. तसंच 'सुंगटां' म्हटलं की 'कोळंबी', 'तोर' म्हटलं की 'कैरी'. हे बसलं की चित्राला छापील शब्द लावणं आणि छापील शब्दाला चित्र लावणं बरेचदा न शिकवताच जमतं. याला उद्दीपक-समतुल्यता म्हणतात. अमेरिकन वर्तन-मानसशास्त्रज्ञ मरे सिडमन यांनी १९७१ साली तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या १७ वर्षांच्या मुलाला २० शब्द याच वाटेनं शिकवले. ऐकलेल्या शब्दाला छापील शब्द लावणं तेवढं शिकवलं होतं. चित्रांशी मेळ आपोआप आला.

कार्डं एकाच मापाची, समोर नेहमी तीन. दोनच ठेवली तर मूल 'हे नाही, म्हणजे ते' एवढंच शिकतं, आणि नुसत्या अंदाजानंही निम्मी उत्तरं बरोबर येतात. एका फेरीत १८ वेळा विचारावं: प्रत्येक शब्द सहादा, बरोबर कार्ड डावीकडे, मध्ये, उजवीकडे दोनदोनदा. सलग दोन फेऱ्यांत किमान १७ बरोबर आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घोटाळे बहुधा आपल्याच बाजूनं होतात. आपली नजर बरोबर कार्डाकडे वळते, किंवा एका कार्डाचा कोपरा दुमडलेला असतो आणि मूल तोच वाचतं. कधी ते पहिलं अक्षरच बघतं. म्हणून 'कोळंबी' आणि 'कैरी' एकाच वेळी समोर हवेतच. भिंतीवरच्या तक्त्यात चित्राखाली शब्द छापतात, तो मला निरुपयोगी वाटतो: चित्रावर भागत असताना अक्षरांकडे कोण बघेल?

न शिकवलेल्या जोड्या जमतात का, या चाचणीत शाबासकी द्यायची नाही, नाहीतर ते शिकवणंच झालं. पण ती एकदम थांबली तर मूल गोंधळून उत्तरं बदलू लागतं. म्हणून आधीच्या फेऱ्यांतच ती तीन-चार उत्तरांमागे एकदा इतकी कमी करावी, आणि चाचणीत पाठ झालेल्या जोड्याही मिसळाव्यात.

छापील 'खेकडा' बघून मूल 'कुर्ली' म्हणालं तर चूक धरू नये. घरातला शब्द, चित्र आणि छापील शब्द यांचा गट जमत असल्याची ती खूण आहे. 'खेकडा' हा उच्चार नंतर फक्त छापील शब्दाशी जोडावा, आणि तो ऐकून मूल चित्र उचलतं का ते तपासावं.