धक्का कोणाच्या मालकीचा?

किनाऱ्यावरच्या एखाद्या गावाचं तेल-वायू केंद्र होणार अशी घोषणा झाली, की सोबत एक रंगीत नकाशा येतो. त्यात टाक्या असतात, पाइपलाइन असते, कडेला टँकर उभा असतो. मी त्यात आधी धक्का, म्हणजे बोटी लागतात ती जागा, शोधते. लांबी किती, पाणी किती खोल, मागे मोकळी जागा किती आणि तो नक्की कोणाच्या मालकीचा. सप्लाय बेसवर, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींना माल पुरवणाऱ्या किनाऱ्यावरच्या तळावर, बोटींचं वेळापत्रक लावण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे नजर तिकडेच जाते. आणि माझं ठाम मत आहे की गावाचं पुढे काय होणार हे बरंचसं या शेवटच्या प्रश्नावर ठरतं.

समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगला खिळ्यापासून कांद्यापर्यंत सगळं किनाऱ्यावरून न्यावं लागतं. सिमेंट आणि बराइट (ड्रिलिंगच्या चिखलाला वजन देणारी खनिज पूड) पोत्यांत जात नाही. हवेच्या दाबाने होजमधून थेट बोटीच्या पोटातल्या टाक्यांत ढकलतात. डिझेल वेगळं, पिण्याचं पाणी वेगळं, ड्रिलिंगचा चिखल, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवतात तो द्रव, वेगळा. डेकवर केसिंग पाइप (विहिरीला आतून आधार देणारे) चढवताना रिगवर जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. हा क्रम चुकला तर भर समुद्रात, हेलकावणाऱ्या डेकवर, क्रेनखाली माणसांना पाइप हलवत बसावं लागतं. जिवावरचं काम असतं ते. परतीच्या फेरीत रिकामे कंटेनर, तुटकी यंत्रं आणि विहिरीतून निघालेला तेलकट चुरा येतो. तो चुरा कुठे टाकणार, हे नकाशावर कधीच लिहिलेलं नसतं.

खोल समुद्रातल्या रिगचं एका दिवसाचं भाडं काही लाख डॉलर असतं. बोट धक्क्यासाठी ताटकळली की रिग खोळंबते आणि भाडं चालूच राहतं. म्हणून जिथे बोट न थांबता भरून निघते तिथे कंपन्या येतात. मग पाइपांचे आटे तपासणारे येतात, वेल्डर, क्रेनवाले, हेलिकॉप्टरवाले, खानावळवाले. केंद्र असं धक्क्यापासून मागे वाढत जातं.

स्कॉटलंडमधलं ॲबरडीन हे मासेमारीचं आणि ग्रॅनाइटचं शहर होतं. 1970 मध्ये समोरच्या समुद्रात फोर्टीज तेलक्षेत्र सापडलं, 1975 मध्ये तेल सुरू झालं. त्या तेलाची पाइपलाइन शहरात आलीसुद्धा नाही, ती उत्तरेला क्रूडन बे इथे किनाऱ्याला लागली. शहराला मिळाल्या त्या बोटी, हेलिकॉप्टरं आणि कचेऱ्या. नॉर्वेतलं स्टावांगर सार्डिनचे डबे भरणारं गाव. नॉर्वेच्या समुद्रातलं एकोफिस्क तेलक्षेत्र 1969 मध्ये सापडलं, आणि 1972 मध्ये तिथल्या संसदेने सरकारी तेल कंपनी आणि पेट्रोलियम संचालनालय, दोन्हींची मुख्यालयं स्टावांगरला ठेवायचं ठरवलं. प्लॅटफॉर्म बांधून झाले की बांधकामाचे कामगार जातात; भूगर्भतज्ज्ञ, तपासनीस आणि वकील मात्र जिथे कचेरी तिथे राहतात.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती शेटलंडची गोष्ट. स्कॉटलंडच्या उत्तरेची ही बेटं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लोकवस्ती विसेक हजारांच्या आत. मेंढ्या, मासे, लोकर. ब्रेंट आणि निनियन क्षेत्रांचं तेल आणायला कंपन्यांना सलम व्हो ही खाडी हवी होती, आणि जमिनीचे भाव लावायला दलाल आधीच फिरायला लागले होते. तिथल्या काउंटी कौन्सिलने, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेने, इयन क्लार्क या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने, लंडनच्या संसदेतून स्वतःसाठी वेगळा कायदाच करून घेतला. साल 1974. त्या कायद्याने कौन्सिलला जमीन संपादनाचे अधिकार मिळाले आणि बंदराचा ताबाही. म्हणजे टँकर कोणाचाही असो, खाडीत शिरताना परवानगी कौन्सिलची. शिवाय गावाच्या जगण्यात जो व्यत्यय येणार त्याची वेगळी भरपाई कंपन्यांकडून ठरवून घेतली. ती 2000 सालापर्यंत येत राहिली आणि एका विश्वस्त निधीत गेली. त्यातून वृद्धांची निवासं आणि क्रीडा केंद्रं उभी राहिली.

हे सगळं तेलाचा पहिला थेंब किनाऱ्याला लागायच्या आधी झालं, याकडे मी तरुण सहकाऱ्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा वेधते. कंपनीला घाई असते तेवढ्याच काळात गावाच्या शब्दाला वजन असतं. पाइप एकदा पुरला की ते गेलं.

सलम व्होला तेल नोव्हेंबर 1978 मध्ये आलं, आणि डिसेंबर संपायच्या आत अपघात झाला. एसो बर्निसिया हा टँकर धक्क्याला लावताना त्याला धरून असलेल्या एका टगला (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटीला) आग लागली, दोर सोडावा लागला आणि जहाज धक्क्यावर आदळलं. हजार टनांहून जास्त इंधन तेल खाडीत सांडलं, तेल अडवायच्या तरंगत्या पट्ट्या टिकल्या नाहीत, हजारो समुद्रपक्षी मेले. चांगल्या करारानेही अशी रात्र टळत नाही. मात्र बंदर कौन्सिलकडे असल्यामुळे नंतर नियम कडक करता आले, तेलकट पाणी समुद्रात सोडणाऱ्या टँकरांवर हवेतून पाळत ठेवता आली. कोणापुढे अर्ज करत बसावं लागलं नाही.

घानातल्या ताकोराडीचं वेगळं झालं. ज्युबिली तेलक्षेत्र 2007 मध्ये सापडलं, 2010 च्या अखेरीस उत्पादन सुरू. पण ते तेल समुद्रातच, क्वामे एन्क्रुमा नावाच्या तरंगत्या जहाजावर साठतं आणि तिथूनच टँकरमध्ये जातं. शहराला तेल दिसतच नाही. घरभाडी मात्र पहिल्याच वर्षांत चढली, आणि ती शिक्षकांना, मच्छीमारांनाही भरावी लागली. गॅस पाइपने किनाऱ्यावर आला, तोही काही वर्षांनी आणि अटुआबो या दुसऱ्या गावात.

गॅसबद्दल जास्तच जपून बोलायला हवं. तो द्रवरूप करून परदेशी पाठवायचा प्रकल्प म्हणजे उंच कुंपण, स्वतःची जेटी, स्वतःची धावपट्टी. बांधताना हजारो हात लागतात, चालवायला त्या मानाने फार थोडे. मोझांबिकमध्ये पाल्माजवळ अशाच प्रकल्पासाठी क्विटुपो गावातल्या लोकांना क्विटुंडा या नव्या वसाहतीत हलवलं. मार्च 2021 मध्ये बंडखोरांनी पाल्मावर हल्ला केला, कंपनीने काम थांबवलं. त्या बंडाळीला कारणं अनेक, ती 2017 पासून धुमसत होती. पण गाव हललेलं आणि काम बंद, अशा अवस्थेत तिथली माणसं अडकली. त्यांचा विचार मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट घोषणेच्या वेळी कोणी काढत नाही: मोडतोड. प्लॅटफॉर्म म्हातारे होतात. 2017 मध्ये ब्रेंट क्षेत्रातल्या ब्रेंट डेल्टा या प्लॅटफॉर्मचा सुमारे 24,000 टनांचा वरचा भाग एका अजस्र जहाजाने अखंड उचलला आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलजवळच्या धक्क्यावर तोडायला नेला. एवढं वजन पेलणारा धक्का आणि मागे मोकळं आवार तिथे होतं, म्हणून काम तिकडे गेलं. हा रोजगार त्याच किनाऱ्यावर ठेवायचा असेल तर धक्क्याखालची जमीन किती भार सोसणार हे पहिल्या आराखड्यातच ठरवायला लागतं, आणि मोडतोडीचे पैसे कंपनीने पहिल्या वर्षापासून वेगळे काढायचे हे करारात लिहून घ्यायला लागतं. जनसुनावणीची कागदपत्रं हाती आली की ही दोन पानं आधी उघडून बघा.