तुम्ही विचारलंत म्हणून: त्या शॉर्ट रनबद्दल

गेल्या फेब्रुवारीपासून लोक मला एकच प्रश्न विचारतायत. एसटी स्टँडवर, मासळी बाजारात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत पानावर भात पडायच्या आत. "मेल्या, ती शॉर्ट रन कित्याक दिलंस?" विचारणारी सगळी आपलीच माणसं, आमच्या टीमवर जीव टाकणारी. याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून बसून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. शॉर्ट रन म्हणजे धावताना टोकाच्या रेघेमागे, म्हणजे क्रीझमागे, न टेकताच वळल्यामुळे न धरलेली रन. देवगड तालुक्यातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रविवारची लीग असते. भातकापणी आटोपली की सुरू होते, पावसाच्या आत संपते. सीझन बॉल, ३० ओव्हर, काथ्याची मॅट. त्या रविवारी समोरच्यांनी १६३ केल्या. आम्हाला शेवटच्या चेंडूवर बरोबरीला दोन हव्या होत्या. एक झाली, दुसरीत आमचा कीपर रनआउट. १६२. बरोबरी झाली असती तर एक पॉइंट मिळाला असता आणि आम्ही सेमीला गेलो असतो. आणि २७व्या ओव्हरमध्ये लेग अंपायर, म्हणजे बॅट्समनच्या टोकाला बाजूला उभा राहणारा दुसरा पंच, म्हणून उभा राहून मी आमचीच एक रन कमी केली होती.

मी तिथे का होतो, तर लीगचा पंच एकच आला होता. असं झालं की लेगला बॅटिंग करणाऱ्या टीमचा माणूस उभा राहतो, ही आमच्याकडची जुनी रीत. मी १४ वर आउट होऊन पॅड सोडून बसलो होतो. आधीचा उभा होता त्याला पॅड बांधायचे होते, म्हणून मी गेलो.

आता तो चेंडू. कीपरने डीप मिडविकेटला मारला आणि दोघं धावले. नॉनस्ट्रायकरला आमचा सतरा वर्षांचा पोरगा होता, टीममधला सगळ्यात धाकटा. तो माझ्या बाजूच्या क्रीझपर्यंत आला आणि दुसरीसाठी वळला. आमच्या सड्यावर मॅटच्या दोन्ही बाजूंना जांभ्याची बारीक लाल धूळ असते. क्रीझची रेघ मॅटवर रंगाने आणि मॅटच्या बाहेर धुळीत फक्कीने ओढलेली. पोरगा मॅटच्या बाहेरून धावत होता. त्याच्या बॅटचं टोक त्या धुळीत घासत आलं, त्याने एक सरळ ओरखडा पडला, आणि तो ओरखडा पांढऱ्या रेघेच्या चार बोटं अलीकडे संपला. तिथून बॅट वर उचलली गेली. मी पंधरा-वीस पावलांवर होतो. चेंडू डेड झाल्यावर ओरखडा तसाच होता, फक्की तशीच होती, मधली चार बोटं लाल माती तशीच होती. मी हात कोपरात वाकवून बोटं खांद्याला लावली.

नियम साधा आहे. बॅट किंवा अंग क्रीझच्या मागे टेकलं पाहिजे, रेघेवर टेकून चालत नाही, कारण रेघेची मागची कड हीच क्रीझ. नाही टेकलं तर ती रन धरायची नाही, बाकी खेळ पुढे चालू. बॅट्समनला शिक्षा नाही. मुद्दाम केलं असेल तर गोष्ट वेगळी, मग त्या चेंडूवरच्या सगळ्या रन जातात आणि समोरच्यांना ५ पेनल्टी रन मिळतात. इथे मुद्दाम काही नव्हतं. दोन धावल्या, एक धरली.

"शंकेचा फायदा बॅट्समनला द्यायचा असतो," असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. बरोबर आहे, शंका असती तर दिला असता. काही जण आयपीएलची ती दुबईतली मॅच काढतात, २० सप्टेंबर २०२०, दिल्ली आणि पंजाब. पंजाबची एक रन शॉर्ट दिली गेली, रिप्लेमध्ये बॅट पोचलेली स्पष्ट दिसली, मॅच टाय झाली आणि सुपर ओव्हरमध्ये पंजाब हरलं. म्हणजे मोठमोठे चुकतात, तू कोण एवढा खात्रीचा, असा त्यांचा रोख. पण तिथे बॅट पोचली होती, हीच तर त्या मॅचमधली हळहळ आहे. आमची पोचली नव्हती. माझ्याकडे कॅमेरा नव्हता, ओरखडा होता.

"त्यांच्यातल्या कोणी बघितलं तरी होतं काय?" हा खरा प्रश्न, बाकीचे सगळे त्याच्या आजूबाजूचे. नाही, कोणीच बघितलं नव्हतं. त्यांचे अकराही जण चेंडूकडे बघत होते. पंच बोलरच्या बाजूची रेघ बघत होता. माझ्या बाजूची रेघ बघायचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं होतं, आणि मी समोरच्या टीमचा आहे हे माहीत असून सोडलं होतं. त्यांचा एक तरी माणूस माझ्याकडे रोखून बघत असता तर कदाचित मी इतका ठाम राहिलो नसतो. पाठ करून उभे होते बिचारे.

आणि विचारणाऱ्यांपैकी एकालाही त्या दिवसाची सकाळ आठवत नाही. ते बॅटिंग करत होते तेव्हा लेगला त्यांचा माणूस होता. त्यांचा कॅप्टन ४० च्या पुढे गेलेला, आमच्या प्रत्येक बोलरला धुतोय, आमचा ओपनिंग बोलर आंब्याच्या फवारणीला गेलेला, आम्ही हताश. अशात कव्हरवरून थ्रो आला, कीपरने बेल्स उडवल्या. मी पॉइंटला होतो, मला स्वतःला तो आत पोचल्यासारखा वाटला होता. आमचं अपील अर्धं तोंडात होतं तोवर त्या माणसाने बोट वर केलं. स्वतःच्या कॅप्टनला! कॅप्टन एक शब्द न बोलता बॅट काखेत मारून निघून गेला. तो टिकला असता तर त्यांच्या २०० झाल्या असत्या, याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही. त्या माणसाने सकाळी बोट वर केलं म्हणून आम्ही संध्याकाळी एका रनपर्यंत पोचलो. तीच जागा दुपारी माझ्याकडे आली. तिथे उभं राहून मी दुसरं काय करणार होतो?

मला सलतं ते वेगळंच. खूण केल्यावर पोरग्याने माझ्याकडे बघितलं. काय चुकलं ते त्याला कळलं नव्हतं. मी दोन पावलं पुढे जाऊन सांगायला हवं होतं, नाही गेलो. मॅच संपल्यावर कॅप्टनशी माझी वादावादी सुरू झाली, दर्यावरून वारा असा सुटलेला की एकमेकांचं ओरडणंही नीट ऐकू येत नव्हतं. त्या गडबडीत पोरगा किट तिथेच टाकून घरी गेला. एका रनने हरलो आणि ती रन आपलीच, एवढंच डोक्यात घेऊन. हे मला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किट घेऊन मी त्याच्या घरी गेलो. वडील ओटीवर जाळं विणत होते, त्यांनी नुसती मान हलवली. पोरगा आतून आला आणि माझ्याआधी तोच बोलला, "दादा, बॅट चुकीच्या हातात होती ना?" होती. चेंडू त्याच्या उजव्या अंगाला गेला होता. बॅट डाव्या हातात घेऊन पुढे टेकवली असती तर वळताना छाती चेंडूकडे राहिली असती. त्याने ती उजव्यात ठेवली, पाठ चेंडूकडे झाली, मान मुरगळून मागे बघायला गेला आणि तेवढ्यात हात आखडला. हे त्याने रात्रभर विचार करून स्वतःच शोधलं होतं. मग अंधार पडेपर्यंत आम्ही त्यांच्या खळ्यात कोळशाने दोन रेघा मारून बॅट या हातातून त्या हातात घ्यायचा सराव केला. वडील जाळं बाजूला ठेवून बघत बसले.

या रविवारी पुन्हा त्यांच्याशीच मॅच आहे, त्यांच्या मैदानावर. पंच एकच येणार असं कळलंय. मी आउट झालो की लेगला मीच उभा राहणार, हे कॅप्टनला आधीच सांगून ठेवलंय. तो "बरां" म्हणाला.