दाईने मला नदीत ढकललं

राफ्टिंगच्या कामावरून पहिल्या दिवशी संध्याकाळी ओल्या कपड्यांनीच घरी आलो आणि आईला म्हणालो, "आज दाईने मला नदीत ढकललं." आईचा हात भाकरीवरच थांबला. "कुठली दाई? आणि तुझं काय काम रे तिच्याकडे?"

आमचा गाइड नेपाळचा आणि नेपाळीत थोरल्या भावाला दाई म्हणतात, हे तिला समजावेपर्यंत तव्यावरची भाकरी करपली. आमच्या घरी तो विनोद अजून चालतो. पण त्या दाईने ढकललं नसतं, तर मी आजही रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर ड्रम हलवत असतो.

आमचं गाव कोलाडजवळ, कुंडलिकेच्या काठावर. मुंबई-गोवा महामार्गाने कधी गेला असाल तर कोलाड नाका आठवेल. रस्त्याचं काम इतकी वर्षं चाललंय की आठवायला भरपूर वेळ मिळाला असेल. इथे राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या बोटीतून नदीच्या धारा उतरणं, सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. रविवारी जीपांच्या टपांवर निळ्या-लाल बोटी लादून जायच्या आणि आम्ही पोरं मागे धावायचो. पुढे तिथेच कामाला लागलो, बोटी उचलायच्या. हजेरी ४०० रुपये. पंपाने हवा भरायची, बोट खांद्यावरून पाण्यापर्यंत न्यायची, खाली उतरायच्या जागेवर परत उचलायची, धुवायची, वाळवायची. नदी आमच्या दारातली. मालक मुंबईचा, गाइड नेपाळचे नाहीतर ऋषिकेशचे, आणि खांदे आमचे.

त्यात चूक कुणाची होती असं मला वाटत नाही. नदी वाचता येणारी माणसं तेव्हा इथे नव्हतीच. "आम्हाला पोहता येतं" एवढ्या भांडवलावर कुणी आठ माणसांची बोट हातात देत नाही.

दाईने मला पहिल्यांदा विचारलं तेही हेच. पोहता येतं? म्हटलं, डोहात वाढलोय. तो हसला, अंगात लाइफ जॅकेट घालायला लावलं आणि मॉर्निंग हेडेक नावाच्या धारेच्या तोंडाशी बोटीतून ढकलून दिलं. डोहातलं पोहणं आणि वाहत्या धारेतलं पोहणं यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे मला चार सेकंदांत कळलं. मी उभं राहायला गेलो. कंबरभर पाणी होतं, कुणीही उभंच राहील. काठावरून दाई बेंबीच्या देठापासून ओरडला. नंतर त्याने समजावलं ते मी आज प्रत्येक पाहुण्याला सांगतो: धारेत पाय टेकवायचे नाहीत. तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं आणि गुडघाभर पाण्यातही तोंड वर काढता येत नाही. पाठीवर पडायचं, पाय पुढे, अंगठे पाण्याबाहेर दिसले पाहिजेत, आणि हातांनी काठाकडे सरकायचं. माझ्या आजोबांना हे बहुधा माहीत असणार. पण त्यांना कधी कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

इथून पुढे गाइड व्हायला मला पावणेतीन वर्षं लागली. लोक विचारतात कोर्स किती दिवसांचा असतो. कोर्स असतात, मी केलेही. पण पहिलं वर्ष नुसतं बोटीच्या पुढच्या टोकाला बसून वल्हं मारण्यात गेलं. दाई मागून हुकूम देणार: फॉरवर्ड, लेफ्ट बॅक, होल्ड ऑन. बोट खडकावर आडवी लागली की "हाय साइड", म्हणजे सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेप घ्यायची. घाबरलेला माणूस नेमका उलट, खडकापासून लांब सरकतो, मग वरच्या अंगाने पाणी बोटीत शिरतं आणि बोट खडकाला चिकटून बसते. दोर फेकायला शिकायलाही महिने गेले. दोर पिशवीत भरलेला असतो, पिशवी वाहून जाणाऱ्याच्या पुढ्यात पडली पाहिजे. मागे पडली तर गेली. काठावर एक फुटका माठ ठेवून मी संध्याकाळभर पिशव्या मारायचो. गावातली म्हातारी माणसं पारावरून बघायची आणि "याला नोकरी मिळेल ना?" असं एकमेकांना विचारायची.

मग कयाक, म्हणजे एकट्याने बसायची अरुंद बोट. ती उलटल्यावर पाण्याखालीच कमरेच्या झटक्याने सरळ करायची. त्यावर काही लिहीत नाही, नाकात पाणी जाण्यापलीकडे दोन महिने काही घडलं नाही.

आता आमच्या नदीची एक गंमत सांगतो. ती कळल्याशिवाय कोलाडचं राफ्टिंग कळत नाही. उन्हाळ्यात कुंडलिकेला आपलं असं पाणी फारसं नसतं. जे येतं ते घाटावरचं. मुळशी धरणात मुळेचं पाणी अडवलेलं आहे, खरं तर ते पूर्वेला पुण्याकडे जायचं. ते सह्याद्रीतून पश्चिमेला भिऱ्याला उतरवून टाटांनी १९२७ साली वीज काढायला सुरुवात केली. भिऱ्याहून सुटलेलं तेच पाणी खाली रवाळज्याला ४० मेगावॉटच्या दोन मशिनींतून पुन्हा जातं आणि मग नदीत पडतं. तिथून साजे गावाजवळ आम्ही बोटी टाकतो, बारा-चौदा किलोमीटर वाहत येतो, आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते पाणी कालव्यांनी शेतांना जातं. म्हणजे वीज दोनदा, बोट एकदा, भात एकदा. आमच्या बोटीने त्यातलं तांब्याभर पाणीही कमी होत नाही.

म्हणून आमचा दिवस पंचांगावर चालत नाही, विजेच्या मागणीवर चालतो. सकाळी पहिला फोन असतो, "पाणी सुटलं का?" दुसरा प्रश्न, "एक मशिन का दोन?" दोन असतील तर नदी झकास. एकच असेल तर खडक डोकं वर काढतात आणि कालची वाट आज बंद असते.

दाईने एकदा गंगाकाठच्या तंबूत मला विचारलं होतं, हे वरचं पाणी तुमच्याकडे आलं कसं. मी त्याला मुळशी सत्याग्रहाची गोष्ट सांगितली. १९२१ साली मावळातले शेतकरी आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून उभे राहिले, सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले, आणि तरी धरण झालं. दाई बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्यांची गावं पाण्याखाली आणि तुझी रोजी त्या पाण्यावर. मला त्यावर बोलता आलं नाही. अजूनही येत नाही. पण बोट उलटी करून सुकत ठेवताना कधीतरी आठवतं.

गंगाकाठ म्हणजे शिवपुरी, ऋषिकेशच्या वर. दाईच्या ओळखीने एक हंगाम तिथे काढला, दसऱ्यानंतर गेलो आणि होळीला परत आलो. रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स, पलीकडे वरच्या अंगाला द वॉल. तिथल्या धारा बघितल्यावर आमची जॉन की चटणी नावाची धार म्हणजे परसातली मोरी वाटायला लागली. पाणी इतकं गार की पहिले आठ दिवस बोटं मिटायची नाहीत. प्रथमोपचाराचा कोर्स तिथेच केला. तीस वेळा छाती दाबायची, दोन श्वास द्यायचे, आणि थांबायचं नाही. पुतळ्यावर हे करताना हात थकतात तेव्हा कळतं की खऱ्या माणसावर वेळ आली तर एकट्याचं काम नाही.

पण तिथे मी नदीपेक्षा गावच जास्त बघत होतो. गाइड गढवाली, जीपवाले गढवाली, काठावर मॅगी उकळणारी बाईही तिथलीच. आणि एक गोष्ट त्यांच्या तोंडून वारंवार ऐकली. काठाच्या वाळूवर कॅम्पांची इतकी गर्दी झाली होती की २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने कौडियाला ते ऋषिकेश पट्ट्यातल्या कॅम्पांवर बंदी आणली. राफ्टिंग चालू राहिलं. बोट पाण्यावरून निघून जाते, मागे काही ठेवत नाही. तंबू, संडास आणि स्पीकर मागे राहतात. हे ऐकताना मला आमच्याकडचे शनिवारचे डीजे ऐकू येत होते.

परत आलो तेव्हा वाटलं आता मी गाइड. दाईने मला रिकामी बोट दिली. मग कामगार भरलेली बोट दिली. पाहुण्यांची बोट दिली ती पावसाळा उलटल्यावर, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी ती खडकाला गुंडाळली. दोन मशिनं धरून वाट घेतली होती, मध्येच एक बंद झालं. पाणी उतरताना आवाज बदलतो, तो मला ऐकूच आला नाही, मी बोलत होतो. पुण्याचे आठ जण होते, सगळे खडकावर चढून बसले, कुणाला खरचटलंही नाही. बोट सोडवायला दोर आणि कप्प्यांचा तिढा बांधून दीड तास लागला. त्यातल्या एका काकांनी तेवढ्या वेळात शेंगदाणे काढून सगळ्यांना वाटले. दाई काठावर येऊन एकच वाक्य बोलला, "गाइडने बोलणं कमी करायचं."

दाई दोन वर्षांपूर्वी पोखऱ्याला परत गेला. मी जिथे काम करत होतो तिथे पैसे वेळेवर मिळेनासे झाले, त्या जागेचं नाव घेत नाही. आम्ही सहा जणांनी स्वतःचं सुरू करायचं ठरवलं. चौघे गाइड, एक जीपवाला आणि माझी वहिनी, जिला हिशोब येतो. जुन्या तीन बोटी घेतल्या, ठिगळं लावलेल्या पण हवा धरणाऱ्या.

नोंदणीचं सांगतो, कारण त्याबद्दलच सगळ्यांत जास्त फोन येतात. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. जमीन, हवा, पाणी, कुठलाही साहसी उपक्रम चालवायचा तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, आधी तात्पुरती आणि मग अंतिम. आमचा अर्ज लांबला तो आमच्याच कागदांमुळे. गाइडांची प्रमाणपत्रं होती, पण दोघांच्या प्रथमोपचाराची मुदत संपली होती. विमा होता, पण तो बोटींचा, पाहुण्यांचा नव्हता. अपघात झाला तर कोण कुठे धावणार, हे आम्हाला तोंडपाठ होतं, कागदावर एक ओळ नव्हती. वहिनीने ते लिहायला बसवलं तेव्हा कळलं की तोंडपाठ असलेलं सहा जणांचं सहा तऱ्हेचं होतं. माझ्या मते त्या सगळ्या खटाटोपातलं हे एक पान पैसे वसूल करून गेलं.

वहिनीने मग घराच्या मागे दोन खोल्या काढल्या. महिलांसाठी शासनाचं 'आई' नावाचं पर्यटन धोरण २०२३ साली आलंय, त्यात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं, मात्र हप्ता चुकवायचा नाही. "हप्ता चुकवायला मी काय तुझ्यासारखी बोट चालवते?" असं ती म्हणते.

तिच्या वहीत दोन रकाने आहेत: गावात आणि बाहेर. दर रविवारी रात्री ती भरते. विम्याचा हप्ता, डिझेल, बुकिंगच्या वेबसाइटचं कमिशन, ठिगळांचा गोंद हे बाहेर. तांदूळ, वाल, अंडी, बोटी उचलणाऱ्यांची हजेरी, जीप, भाकऱ्या करणाऱ्या चौघी जणी हे गावात. पहिल्या महिन्यात बाहेरच्या रकान्यात पाण्याच्या बाटल्या सारख्या दिसायला लागल्या. वहिनीने तीन माठ आणले, बाटल्या बंद. नदीतला कचरा निम्म्यावर आला, पण तिने ते केलं रकान्यासाठी. थंडीत आम्ही पोपटी लावतो. भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडकं उलटं करून जाळ. पूर्वी ती शेतावर फुकट व्हायची. आता पाहुणे त्यासाठी मुक्काम वाढवतात आणि आई मडक्यावर ठोकून सांगते शिजलं का नाही. गॅसच्या शेगडीवर पोपटी करून देणारेही निघालेत म्हणे. त्यांना काय बोलावं.

सगळं गोड चाललंय असं नाही. रोह्याच्या खाली हीच नदी राज्यातल्या प्रदूषित पट्ट्यांत मोजली जाते. मी धाटावला काम केलंय, मला वास माहीत आहे. वरच्या अंगाला शनिवारी किती बोटी असाव्यात यावर आम्हा चालकांचं एकमत होत नाही. आणि पाणी सुटलं नाही तर घरी बसायचं. म्हणून आमच्यातल्या कुणीही शेती सोडलेली नाही.

यंदा कातकरवाडीतला एक मुलगा आमच्याकडे बोटी उचलायला लागला. एकोणीस वर्षांचा, हाताने खडकाखालचे मासे काढणारा. त्याला पोहता येतं का, हे मी विचारलं नाही, धारेच्या तोंडाशी ढकलून दिलं. तो पाठीवर पडला, पाय पुढे केले आणि काठाला लागला. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाला, बापाने.

गेल्या मंगळवारी तो बोटीच्या पुढच्या टोकाला बसला होता. साजे सोडून दोन वळणं झाली असतील, मी पाहुण्यांना मुळशीची गोष्ट सांगत होतो. त्याने मागे वळून न बघता हात वर केला. "दादा, गप्प व्हा जरा. पाणी उतरतंय."

मी गप्प झालो. आम्ही डावीकडची वाट घेतली.