शनिवारी बंद असणारं डेली

मे महिन्यात बाबा ठाण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. पहिले दोन आठवडे घरचंच जेवण झालं. कोशेर, म्हणजे यहुदी धर्माच्या नियमांप्रमाणे कापलेलं, मटण आणि कोंबडी आम्ही जवळच्या हायलंड पार्कमधून आणतो, तिथे ऑर्थोडॉक्स (कर्मठ) यहुदी वस्ती मोठी आहे. तिसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "तू सांगतोस न्यूयॉर्कात इतके यहुदी राहतात. मग बाहेर बसून मटणाचा एक घास खाता येईल अशी जागा नाही का?"

बाबांचं वय चौऱ्याहत्तर. आयुष्यात त्यांनी बाहेर मांसाहार केलेला नाही. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. ठाण्याला लहानपणी कोंबडी पिशवीत घालून हजानकडे (सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्याकडे) न्यायची, त्याने कापून दिली की घरी आणायची, हे माझं काम होतं. मग आई मांस अर्धा तास पाण्यात ठेवायची, तासभर मीठ लावून निथळत ठेवायची, तीनदा धुवायची आणि त्यानंतरच चुलीकडे न्यायची. रश्श्यात दही कधी पडलं नाही, नारळाचं दूध पडायचं. मांस आणि दूध एका ताटात येत नाही, हे आम्हाला तोरा हा धर्मग्रंथ वाचायच्या आधी स्वयंपाकघराने शिकवलं.

त्यामुळे बाबांचा प्रश्न मी मनावर घेतला. तसा तो माझाही जुनाच प्रश्न होता. अमेरिकेत आलो त्या वर्षी ऑफिसातल्या एका मित्राने मला हौसेने हाउस्टन स्ट्रीटवरच्या कॅट्झमध्ये नेलं होतं. १८८८ पासूनचं डेली, म्हणजे मांसाच्या सँडविचांचं खाणावळीवजा दुकान. दारात हातात तिकीट देतात, कापणारा माणूस पास्त्रामीचा, म्हणजे मसाला लावून धुरी दिलेल्या गोमांसाचा, एक गरम तुकडा आधी बशीत चाखायला ठेवतो. मी खूप खूश होतो. मग शेजारच्या टेबलावर रूबेन नावाचं सँडविच आलं: कॉर्न्ड बीफ, म्हणजे खाऱ्या पाण्यात मुरवलेलं गोमांस, आणि त्यावर वितळलेलं स्विस चीज. मी बघतच राहिलो. मांसावर चीज, आणि तेही यहुदी डेलीत! त्या दिवशी मी सूपही मागवलं नाही, फक्त लोणचं आणि सोडा घेतला.

'ज्यूइश डेली' म्हणजे कोशेर डेली नव्हे, हे मला तिथे कळलं. पूर्व युरोपातून आलेल्या लोकांचे पदार्थ आणि त्यांची चव तिथे असते, पण धर्माचे नियम पाळलेले असतीलच असं नाही. याला इथे 'कोशर-स्टाइल' म्हणतात. आमच्या एडिसनमधलं हॅरॉल्ड्ससुद्धा त्याच प्रकारातलं. एका सँडविचात चार माणसं जेवतील एवढे मोठे सँडविच, लोणच्यांची वेगळी मांडणी, लांबून लोक येतात. पण ते माझ्या घरासाठी नाही. यात त्यांची चूक काहीच नाही, ते काही लपवत नाहीत. शोधणाऱ्याने पाटी नीट वाचायला हवी.

आता मी काय बघतो ते सांगतो. आधी काचेवर प्रमाणपत्र लावलेलं आहे का, कोणत्या संस्थेचं आहे आणि त्यावरची तारीख चालू आहे का. मग मेनू. मांसाच्या डेलीत चीज, लोणी, क्रीम यांचा शब्द जरी दिसला तरी मी परत फिरतो. कॉफीत घालायला दूध मागितलं आणि 'नॉन-डेअरी' पुडी आली तर मला बरं वाटतं. बेगल, क्रीम चीज आणि खारवलेला सामन मासा हवा असेल तर ते दुकानच वेगळं असतं, त्याला 'अपेटायझिंग' म्हणतात. १९१४ पासूनचं रस अँड डॉटर्स हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. तिथे मासे आणि दूध, डेलीत मांस. खाद्यपदार्थांच्या दुकानांची अशी विभागणी मुळात आपल्याच नियमातून झाली आहे, हे समजल्यापासून मला ते दोन्ही बोर्ड वाचायला आवडतात.

कोशेर असणं एवढंच पुरत नाही, सँडविचही चांगलं हवं. मी प्रमाणपत्र चोख आणि मांस मात्र यंत्राने कागदासारखं कापलेलं, गार, पाव कोरडा, असंही खाल्लं आहे. पास्त्रामी मूळची रोमानियाकडची. इथे ती गाईच्या पुढच्या भागातल्या, छातीपोटाकडच्या चरबीदार मांसाची करतात. मागच्या पायाकडचं मांस कोशेर करायला आतली शीर आणि निषिद्ध चरबी काढावी लागते, ते काम इतकं किचकट की अमेरिकेत बहुतेक कोणी त्या वाटेला जात नाही. म्हणून डेलीचा सगळा संसार पुढच्या भागावर चालतो. मांस कित्येक दिवस मसाल्याच्या खाऱ्या पाण्यात मुरतं, मग त्याला भरडलेले धने, मिरी, लसूण चोळतात, धुरी देतात आणि शेवटी वाफवतात. कॉर्न्ड बीफ मुरवून उकडतात, त्याला धुरी नसते. चांगलं डेली मांस वाफेतच ठेवतं आणि मागणी आली की हाताने, मांसाच्या धाग्यांना आडवं, जाडसर कापतं. पाव राईचा, त्यात शहाजिरे. वर तपकिरी मोहरी. दुसरं काही नको. मेयोनीज तर नकोच नको.

आमच्या घरात गोमांस कधी शिजलं नाही, जुन्या बेने इस्रायल घरांत ती रीतच नव्हती. मी इथे आल्यावर खायला लागलो, बाबा खात नाहीत. त्यांच्यासाठी टर्की.

मी आधी सेकंड अव्हेन्यू डेली ठरवलं होतं. १९५४ साली दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सुरू झालं, २००६ च्या सुरुवातीला तिथून बंद झालं आणि २००७ च्या अखेरीस तेहतिसाव्या रस्त्यावर पुन्हा उघडलं. माझं फार आवडतं ठिकाण. बसल्याबरोबर लोणची आणि कोबीचं सॅलड येतं, जेवण झालं की चॉकलेट सोड्याचा छोटा ग्लास देतात, त्यात दुधाचा थेंब नसतो. पेन स्टेशनवरून चालत जाता येतं. सगळं सांगून झाल्यावर बाबांनी एकच विचारलं.

"शनिवारी चालू असतं?"

असतं. त्यांच्यावर कोशेर देखरेख आहे, पण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशीही ते उघडं असतं. ब्राँक्समधलं १९५३ पासूनचं लीबमन्सही तसंच. मी स्वतः त्यावर कधी अडून बसलो नाही. पण बाबांना मी समजावायला गेलो नाही, कारण ते काय म्हणतील ते मला माहीत होतं. कोकणात आपल्याला लोक कोणत्या नावाने ओळखायचे? शनिवार तेली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची आपली कथा खरी असो नसो, त्या लोकांनी घाणे चालवले आणि शनिवारी घाणा थांबवला, हे नाव खरं आहे. पुस्तकं नव्हती, धर्म शिकवणारे रब्बी नव्हते, आणि तरीही आठवड्यातला तो एक दिवस त्यांनी सोडला नाही. त्या घरातला माणूस शनिवारी चालू असलेल्या दुकानात जेवणार नाही.

मग मी ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमधलं गॉटलिब्ज ठरवलं. रोब्लिंग स्ट्रीटवर, १९६२ पासूनचं, हसिदी या कर्मठ यहुदी पंथातल्या लोकांचं. मांस ग्लॅट, म्हणजे जनावराची फुप्फुसं तपासून स्वच्छ ठरलेली. शुक्रवारी दुपारी बंद होतं आणि शनिवारी कुलूप. मी गुरुवारी रजा टाकली. गाडीने पेन स्टेशन, तिथून हेरल्ड स्क्वेअरला चालत, मग एम ट्रेनने पूल ओलांडून मार्सी अव्हेन्यू. पुलावरून बाबा नदी बघत होते, मी त्यांना बघत होतो.

जागा साधी आहे. टेबलं, काउंटर, मागे वाफ. काळे कोट घातलेली माणसं यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या यहुदींच्या भाषेत, बोलत होती, त्यातलं आम्हा दोघांना अक्षर कळत नव्हतं. बाबांनी बेसिनवर रीतीप्रमाणे हात धुतले, खुर्चीवर बसले आणि पावाचा तुकडा हातात घेऊन हामोत्झी, म्हणजे पावावरची प्रार्थना, म्हटली. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये म्हणतात त्याच उच्चारात, जरा मोठ्याने, कारण त्यांना आता कमी ऐकू येतं. बाजूच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ताटातून मान वर केली आणि "ओमेन", म्हणजे आपलं आमेन, म्हणाले. त्यांचा 'ओ', आमचा 'आ'. मग ते आपल्या जेवणाकडे वळले.

बाबांनी आधी मात्झोच्या, म्हणजे बिनखमिराच्या भाकरीच्या चुऱ्याच्या, गोळ्यांचं कोंबडीचं सूप घेतलं, मग राईच्या पावावर गरम टर्की. मी पास्त्रामी घेतली. त्यांनी पावातला एक दाणा नखाने काढून चावला आणि म्हणाले, "शहाजिरं." माझ्या मांसाच्या कडेचा काळा थर दाखवून विचारलं, "आणि हे धने का?" हो म्हटलं. लोणच्याची काकडी वासानेच ओळखली, शेपू. व्हिनेगर नाही, नुसत्या मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपूबरोबर आंबवलेली. अर्ध्या आंबटपणाची हिरवीगार असते, पूर्ण मुरलेली खाकी. बाबांनी मुरलेल्या दोन संपवल्या, आणि टर्कीही संपवली. गेल्या वर्षभरात मी त्यांना एवढं जेवताना पाहिलं नव्हतं.

निघताना त्यांनी लोणचं बांधून मागितलं. रात्री आईला फोनवर सगळं पहिल्यापासून सांगितलं, पाव, सूप, हात धुवायचं बेसिन, ते म्हातारे गृहस्थ. आईने काकडीचं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोहरी फेसून घालतात का त्यात?"

"नाही गं," बाबा म्हणाले, "मोहरी वेगळी. ती पावाला लावतात."