आठ एलईडींचा पातळीदर्शक लिनक्सवर चालवताना

लिनक्सवर चालणाऱ्या एका लहान बोर्डाला मला आठ एलईडींची पट्टी जोडायची होती. मेमरीचा वापर वाढेल तसे खालून वर दिवे लागत जावेत, एवढेच तिचे काम. बोर्डावर मोकळ्या पिना कमी असल्यामुळे मी ७४एचसी५९५ ही शिफ्ट रजिस्टर चिप (एकामागून एक आलेले बिट आठ पिनांवर मांडणारी) एसपीआय या मोजक्या तारांच्या दुव्यावर जोडली. या चिपमधून एकूण ७० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देता येत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रेझिस्टर लावून प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवला.

या चिपसाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जीपीआयओचा (चालू-बंद करता येणाऱ्या साध्या पिनांचा) ड्रायव्हर तयार आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाला काय जोडले आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, चिपची नोंद केली आणि त्याखाली आठही दिवे ‘जीपीआयओ-लेड्स’ म्हणून लिहिले की बूट झाल्यावर ‘/सिस/क्लास/लेड्स’ या फोल्डरात प्रत्येक दिव्याची डिरेक्टरी दिसते. तिथल्या ‘ब्राइटनेस’ फाइलमध्ये १ लिहिले की दिवा लागतो, ० लिहिले की विझतो. ‘मॅक्स ब्राइटनेस’मध्ये जुन्या कर्नलवर २५५ दिसले, तरी अशा दिव्याला मंद-प्रखर कळत नाही.

खरी अडचण पुढे आली. कर्नलमधल्या एलईडी उपप्रणालीला एकेक दिवा ठाऊक असतो, पट्टी ठाऊक नसते. पातळी दोनवरून सहावर गेली की प्रोग्रामला चार फाइलींमध्ये वेगवेगळे लिहावे लागते आणि प्रत्येक लेखनामागे एसपीआयवरून पूर्ण बाइट पुन्हा जातो. त्यामुळे आठही दिवे दर वेळी नव्याने लिहिण्याऐवजी मी फक्त बदललेले दिवे लिहू लागलो, तेही चढताना खालून वर आणि उतरताना वरून खाली. म्हणजे मधल्या क्षणीही पट्टीत खिंडार दिसत नाही. फाइली दर वेळी उघडण्याऐवजी उघड्याच ठेवल्या.

सीमारेषेवर वाचन घुटमळले की दिवा लुकलुकतो. प्रत्येक पायरी साडेबारा टक्क्यांची होती. पायरी ओलांडताच दिवा लावायचा, पण वापर त्या पायरीच्या दोन टक्के खाली आल्याशिवाय विझवायचा नाही, असा नियम केल्यावर तो त्रास संपला. हा निर्णय युजरस्पेसमध्येच, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममध्येच असावा असे माझे ठाम मत आहे, कारण टक्के बदलायचे म्हणून कर्नल पुन्हा बांधणे कोणालाच परवडत नाही.

सर्वांत वरचा दिवा मात्र मी कर्नलच्या ‘टायमर’ ट्रिगरवर (दिवा आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) सोपवला. वापर धोक्याच्या पातळीला पोहोचला की प्रोग्राम ‘ट्रिगर’ फाइलमध्ये ‘टायमर’ लिहितो आणि दिवा ५०० मिलिसेकंद चालू, ५०० बंद असा आपोआप लुकलुकतो. प्रोग्राम अडकला तरी इशारा थांबत नाही. ट्रिगर लागल्यावरच ‘डिले ऑन’ आणि ‘डिले ऑफ’ या फाइली तयार होतात आणि त्या रूट या मुख्य वापरकर्त्याच्या मालकीच्या असतात. आधीच्या फाइलींसाठी यूडेव्हच्या (उपकरणे दिसताच त्यांच्या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेच्या) नियमाने दिलेली परवानगी त्यांना लागू होत नाही, म्हणून मी मूळचाच वेग ठेवला. ‘ब्राइटनेस’मध्ये ० लिहिल्यास ट्रिगरही निघून जातो, त्यामुळे इशारा संपवायला वेगळी आज्ञा लागली नाही.

दिवे शेकडो असते किंवा ध्वनीची पातळी दाखवायची असती, तर मी हा मार्ग घेतला नसता. तेव्हा एलईडी उपप्रणाली बाजूला ठेवून जीपीआयओच्या कॅरेक्टर डिव्हाइसवर (प्रोग्रामला पिना थेट हाताळू देणाऱ्या फाइलवर) अनेक ओळी, म्हणजे पिना, एकाच विनंतीत बदलणे योग्य. पण ‘जीपीआयओ-लेड्स’ने धरलेली ओळ तिथे मागितली तर ती व्यग्र असल्याची त्रुटी येते, म्हणून एकाच दिव्यासाठी दोन्ही मार्ग एकदम वापरता येत नाहीत.