आठ वर्षांनी परत मचाणावर, आणि एक न झोपलेली रात्र

आधीच सांगतो, शिकार म्हटल्यावर ज्यांना त्रास होतो त्यांनी इथंच थांबलेलं बरं, खाली रक्त आहे. आणि आपल्याकडचं कुणी कायदा काढायच्या आत हेही सांगतो की ही गोष्ट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची आहे, लायसन काढून, सीझनमध्ये. आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं हे सगळं बंद झालं आणि व्हायलाच पाहिजे होतं, त्यावर माझं दुमत नाही.

मी मॅडिसनला नऊ वर्षं नोकरीला होतो. तिथं ऑफिसातला एकजण हरणाच्या मागं, धनुष्यबाण घेऊन. त्यानं मला ओढलं. बंदूक का नाही, तर व्हिसावर असताना बंदुकीच्या कायद्याची कटकट असते, धनुष्याला ती नाही, एवढंच साधं कारण. त्यात कसलं शौर्य वगैरे नव्हतं. आणि बंदुकीचा सीझन असतो नऊ दिवसांचा, नोव्हेंबरअखेर त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्याच्या आधीच्या शनिवारी सुरू, तेव्हा सगळं राज्य भगव्या जॅकेटात जंगलात घुसतं. धनुष्याचा सीझन सप्टेंबरच्या मध्यापासून पार जानेवारीपर्यंत, निवांत. 1934 मध्ये फक्त धनुष्यासाठी वेगळा सीझन पहिल्यांदा तिथंच सुरू झाला, दोनच काउंट्यांमध्ये, हे आमच्या म्हाताऱ्यानं मला किमान पन्नास वेळा ऐकवलंय, जणू स्वतः हजर होता.

म्हातारा म्हणजे ज्याच्या शेतावर आम्ही जायचो तो. सत्तरी ओलांडली, पूर्वी गाई होत्या, आता फक्त जमीन आणि मतं शिल्लक आहेत. बाकीचे दोघं म्हणजे ऑफिसातला तो जाड्या आणि एक वेल्डर. नावं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, आणि मराठी वाचता येत नसलं तरी हल्ली फोन भाषांतर करतो.

तर गेल्या नोव्हेंबरात ऑफिसच्या कामानं शिकागोला जायचं निघालं आणि मी पुढं चार दिवस सुट्टी टाकली. घरच्या ग्रुपवर धनुष्याचा जुना फोटो टाकला तर धाकट्या चुलत्यानं विचारलं, कुठला गट? बायकोनं काहीच टाकलं नाही. ती सदाशिव पेठेतली, घरात अंडंही वेगळ्या पातेल्यात उकडतं.

शिकागोचे पाच दिवस सोडून देतो, मीटिंग होत्या, कॉफी वाईट होती.

मॅडिसनहून हायवे 14 नं पश्चिमेला निघालं की तासाभरात डोंगर सुरू होतात. बाकीचं विस्कॉन्सिन हिमनद्यांनी रगडून सपाट केलेलं, पण हा नैर्ऋत्येचा तुकडा त्यातनं सुटला, म्हणून तिथं दऱ्या, कडे, वळणावळणाची किकापू नदी. मी कोल्हापूरचा, मला तिथं पहिल्यांदा गेल्यावर राधानगरीकडं चाललोय असं वाटलं होतं. फरक इतकाच की वळणावर एसटीच्या ऐवजी मोटार न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांची घोडागाडी आडवी येते. यावेळी वळणं तीच होती, पोट मात्र स्टिअरिंगला लागत होतं. वय.

केबिनवर पोचलो आणि बॅग उघडली तर पहिलाच गोंधळ. आईनं दिलेली कांदालसूण चटणी पिशवीत फुटली होती, जॅकेटसकट सगळे कपडे त्या वासानं भरलेले. आता हरणाच्या शिकारीत सगळा खेळ वासाचा असतो. हे लोक वास नसलेल्या साबणानं आंघोळ करतात, कपडे आठवडाभर बाहेर टांगून ठेवतात, वारा बघायला खिशात रुईसारखी म्हातारी, म्हणजे बोंडातला उडता कापूस, बाळगतात, ती हवेत सोडायची आणि कुठं वाहते ते बघायचं. सकाळी ऊन लागलं की हवा डोंगर चढते आणि संध्याकाळी दरीत उतरते, त्या हिशोबानं कुठल्या मचाणावर बसायचं ते ठरतं. आणि मी आलो चटणी लावून. वेल्डर म्हणाला, तुझा वास मिसिसिपीच्या पलीकडं गेला असेल, आयोवातली हरणं पळाली. जॅकेट रात्रभर देवदाराच्या फांद्यांवर टांगलं, तरी सकाळी भूक लागेल असाच वास येत होता.

माझं धनुष्य, दोन्ही टोकांना चाकं असलेलं कंपाउंड, मी जाताना म्हाताऱ्याच्या गोठ्यात ठेवून गेलो होतो. मला वाटलं होतं गंजलं असेल. दोरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, नाहीतर ताणताना तुटून तोंडावर येते. बघतो तर नवी दोरी, नव्या केबल, चाकांना तेल. मी विचारलं कधी केलंस, तर म्हणाला, दर दुसऱ्या वर्षी. आठ वर्षं. मी दिवाळीला एक मेसेज टाकायचो फक्त, तोही फॉरवर्ड. काय बोलावं कळेना, मग दोघंही हवामानावर बोललो.

आता कबुली. खांदा दुखतो म्हणून मी दोरी ओढायचा ताण 60 पौंडावरून 50 वर आणला, त्यात काही चूक नाही, तिथं कायद्याला 30 पण चालतात. चूक वेगळी होती. पुण्यात सहा महिने जिममध्ये रबर ओढला आणि स्वतःची समजूत घातली की हाच सराव. केबिनवर दीड दिवसात चाळीसेक बाण मारले, तेही साध्या टोकाचे. शिकारीचं पात्याचं टोक, ब्रॉडहेड, ते हवेत वेगळं वागतं, कधी थोडं डावीकडं, कधी खाली, ते वेगळं मारून बघावं लागतं. मी दोन मारले, दोन्ही बरे लागले, पाती बोथट होतील म्हणून थांबलो. म्हातारा खुर्चीवर बसून बघत होता. काही बोलला नाही, पण तिसरा बाण त्यानं पुढं केला होता आणि मी नको म्हणालो, हे मला नीट आठवतंय.

पहिले दोन दिवस काहीच नाही. हरणांचा माजाचा काळ, नर वेड्यासारखे फिरतात, जाड्याच्या समोरून एक मोठा शिंगाळा पळत गेला म्हणे, तो थांबलाच नाही. मी वीस फुटांवर हार्नेसनं झाडाला बांधून घेऊन खारी बघत होतो. जेटलॅगनं डुलकी येत होती आणि पायाची बोटं गेली होती. याला मजा म्हणतात का असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, पण पहाटे अंधारात बसल्यावर हळूहळू आधी आकाश, मग झाडं, मग पानं दिसायला लागतात, ते मी दुसरीकडं कुठं बघितलेलं नाही, कारण दुसरीकडं कुठं मी तीन तास फोनशिवाय बसतच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पावणेपाचला सूर्य मावळतो तिथं, साधारण सव्वाचारला, खालच्या ओढ्याकडनं मादी आली. एकटी. ओकची फळं हुंगत हुंगत, दोन पावलं टाकायची, मान वर. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की ते तिला ऐकू जाईल. 22 यार्ड, पूर्ण आडवी. मादीचा टॅग, म्हणजे एक मादी मारायचा परवाना, माझ्याकडं होता. तिचं डोकं झाडामागं गेलं तसं मी ताणलं. पूर्ण ताणलं की चाकांमुळं 50 पौंडातले 10 च हातावर राहतात, त्यामुळं थांबायला वेळ होता. वेळ होता, हेच सांगतोय. मला थांबता आलं असतं. पण मला वाटलं ती निघाली, आणि मी दोरी सोडायच्या चापाचा ट्रिगर दाबला नाही, मारला, जसं लिफ्टचं बटण मारतो तसं.

बाण मागं लागला. आवाजावरनंच कळलं. फुप्फुसाला लागलं की हरीण उधळतं आणि काही सेकंदांत पडतं. ही उधळली नाही. पाठीला बाक आला, शेपटी खाली, आणि चालत गेली. चालत. मी तिथं बसून तिला चालत जाताना बघितलं.

खाली उतरायला हात थरथरत होते. म्हाताऱ्याला मेसेज केला, तो टॉर्च घेऊन आला, त्याचे दोन्ही गुडघे गेलेत तरी तो चढ चढून आला. बाण सापडला, त्यानं तो नाकाशी धरला, मला दिला. काळपट रक्त आणि हिरवट चिकट, वास पोटाचा. तो म्हणाला, सकाळी. मी म्हणालो, आत्ता जाऊया, अजून लांब गेली नसेल. म्हणून तर, म्हणाला. अशी मार लागलेली हरणी जवळच कुठंतरी बसते आणि तिथंच मरते, पण मागं लागलं तर उठून मैलभर जाते आणि मग सापडत नाही. हे मला माहीत होतं, आठ वर्षांपूर्वी मीच जाड्याला सांगितलं होतं. पण स्वतःची वेळ आली की माहिती कामाला येत नाही.

केबिनमध्ये कुणी काही बोललं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. वेल्डरनं चीज कर्ड तळले, माझ्यासमोर ठेवले, जाड्यानं पत्ते वाटले. मी आधी ठरवल्याप्रमाणे रस्सा केला, म्हाताऱ्याच्या फ्रीजरमधल्या गेल्या वर्षीच्या हरणाचा, उरलेली चटणी घालून. ते तिघं घाम पुसत पुसत खात होते, म्हातारा पाव बुडवून. मला घास गेला नाही.

रात्री दोनला कोल्हे ओरडायला लागले. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड, पण ओरडणं तसलंच, आधी एक, मग सात-आठ, ओढ्याच्या बाजूनं. मी डोळे उघडे ठेवून पडलो होतो. पुण्यात दुपारचे दीड वाजले होते, बायकोचा फोन आला. म्हणाली, झोपला नाहीस? म्हटलं, जेटलॅग. ती म्हणाली, आवाज कसला येतोय? म्हटलं, कोल्हे. मग तिनं थोड्या वेळानं विचारलं, काही मारलंस का रे? मी म्हणालो, नीट नाही. ती गप्प बसली, आणि मग म्हणाली, पांघरूण घे. बस, एवढंच.

लहानपणी आजोबा कोल्हापूरच्या चित्त्यांच्या गोष्टी सांगायचे, दरबारात पाळलेले चित्ते, बैलगाडीतनं माळावर न्यायचे आणि डोळ्यावरची पट्टी काढून काळविटावर सोडायचे. त्या गोष्टींत काळवीट नेहमी एका झेपेत पडायचं. आजोबांनी स्वतः ते बघितलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

उजेड झाल्यावर निघालो. तिघं वाकून, म्हातारा शेवटच्या थेंबापाशी काठी टेकून उभा, जिथं रक्त दिसेल तिथं टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवायचा आणि मागं वळून रेष कुठं जाते ते बघायचं. ओकच्या लाल पानांवर लाल थेंब, तुम्ही शोधून बघा कधी. चाळीस मिनिटांत साठ पावलं. मग रक्त संपलं. म्हातारा म्हणाला, पाण्याकडं जा, आणि वर बघा. वर कावळे होते.

ओढ्याच्या काठाला पडली होती, मचाणापासून तीनेकशे पावलांवर. मागची बाजू कोल्ह्यांनी संपवलेली. म्हणजे रात्री दोनला मी जे ऐकत होतो ते हेच. मी तिच्या डोळ्याला बोट लावून बघितलं, तशी पद्धत असते, जिवंत आहे का बघायची, गरज नव्हती तरी लावलं.

म्हातारा हळूहळू तिथपर्यंत आला आणि एवढंच म्हणाला, टॅग तुझा संपला. मी फोनवरनं नोंदणी केली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. पुढचे दोन खांदे आणि मान वाचली, रात्री पाणी गोठलं होतं म्हणून, नाहीतर तेही गेलं असतं. डोकं कापून तपासणीच्या पेटीत टाकलं. त्या भागात हरणांना मेंदूचा एक रोग आहे, सीडब्ल्यूडी, विस्कॉन्सिनमध्ये तो 2002 साली मॅडिसनजवळच पहिल्यांदा सापडला, रिपोर्ट आल्याशिवाय मांस खायचं नाही असं सांगतात. मी गुडघ्यावर बसून खांदे सोडवत होतो, हात गोठलेले, वेल्डर शेजारी बसून पिशवी उघडी धरत होता. त्यानं विचारलं, पुण्यात तुम्ही हल्ली कुठलं बियर पिता?

माझा नराचा टॅग शिल्लक होता. शेवटच्या दिवशी पहाटे जाड्या आणि वेल्डर गेले, मी नाही गेलो. नाश्ता झाल्यावर म्हाताऱ्यानं अंगणात टार्गेट लावलं, खुर्ची टाकली आणि ब्रॉडहेडचा अख्खा डबा शेजारी ठेवला. दुपारपर्यंत तीन-तीन मारत होतो. बाण डावीकडं चार इंच जात होते. चार इंच. नेम धरायची साईट फिरवली, परत मारले. खांदा सुजला. पाती सगळी बोथट झाली आणि त्यानं ती एक एक करून कानशीनं धारेला लावायला घेतली.

धनुष्य गोठ्यात त्याच खिळ्यावर अडकवून आलो.

दोन आठवड्यांनी मी पुण्यात ट्रॅफिकमध्ये असताना त्याचा मेसेज आला. रोग नाही, मांस फ्रीजरमध्ये आहे, ती लाल पावडर संपली, परत येताना जास्त आण. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आईला मात्र विचारलं, दोन किलो करशील का. ती म्हणाली, एवढी कुणाला लागते रे बाबा?